बाळंतिणीची सही

१

माझ्या आजीची सही जिथे असणं शक्य नव्हतं, तिथे ती होती.

सार्तच्या चर्चची दफनाची वही, १९३४ साल, तीन फेब्रुवारी. शाई तपकिरी पडलेली, कागद काठाला भुसभुशीत. पण सही स्वच्छ होती: उबर्तीन कोलिने, ओर्शीनच्या रेमाक्ल आंकेची बायको. आडनावाखाली ओढलेली ती तिरकी रेघ मी लहानपणापासून आजीच्या मुरंब्याच्या बरण्यांवर पाहत आले होते. चुकायचा प्रश्नच नव्हता.

मी माझ्या लेकीला, एम्लीनला, खांद्यावर आणखी घट्ट धरलं. पाच महिन्यांची होती ती तेव्हा. १९९६च्या त्या ऑक्टोबरात आमच्या देशातली कुठलीच आई मूल खाली ठेवत नव्हती. पळवून नेलेल्या मुलींचे फोटो बेकरीच्या काचेवरसुद्धा लागले होते. मी तर झोपलेल्या एम्लीनच्या नाकापुढे बोट धरून श्वास तपासायची. त्यामुळे फादर पिरारना वाटलं, बाळाला काही झालं. त्यांनी खुर्ची पुढे केली. म्हणाले, बसा विन्सियान, तुमचा रंग उडालाय.

मी खरं तर आले होते झेलीमावशींच्या कामाला. झेली वार्नोत, वय एक्याऐंशी, ओर्शीनमध्ये आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. तरुणपणी आमच्याच शेतघरात मोलकरीण होत्या. लग्न केलं नाही. त्यांचं एकुलतं एक मूल सार्तच्या दफनभूमीत उत्तरेच्या भिंतीलगत आहे. वर नुसता लोखंडी क्रूस, नाव नाही की तारीख नाही. त्या ओळीतल्या थडग्यांवर कचेरीने पिवळ्या पाट्या ठोकल्या होत्या. एक नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण झाला की नव्या थडग्यांसाठी ओळ मोकळी करणार. ज्याची हरकत असेल त्याने मृताची नोंद आणून दाखवावी. सार्तची जुनी कचेरी चव्वेचाळीसच्या डिसेंबरात लढाईत जळाली, तेव्हा उरली ती चर्चची वही. आणि इतिहासाची पदवी घेऊन घरी बसलेली बाळंतीण म्हटल्यावर गावातले सगळे जुने कागद आपोआप माझ्याकडेच येतात.

नोंद अशी होती. झेली वार्नोत, अविवाहित, हिचा मुलगा, दोन फेब्रुवारीला सार्तमध्ये सुईण तेओदोरीनच्या घरी जन्मला. श्वास चालू असताना सुईणीने बाप्तिस्म्याचं पाणी दिलं. त्याच दिवशी वारला, दुसऱ्या दिवशी पुरला. श्वास आणि पाणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याची साक्ष: उबर्तीन कोलिने.

आता गंमत पाहा. एम्लीनच्या बाप्तिस्म्यासाठी मी आमच्या घराण्याचा वंशवृक्ष काढायला घेतला होता. आठवड्यापूर्वीच ओर्शीनच्या चर्चमध्ये बसून मी पपांची नोंद उतरवून आणली होती: लांबेर, रेमाक्ल आंके आणि उबर्तीन कोलिने यांचा मुलगा, जन्म दोन फेब्रुवारी १९३४, शेतघरात. बाप्तिस्मा चार तारखेला.

ओर्शीन आणि सार्तमध्ये सात किलोमीटर उघडं माळरान आहे. एका दिवशी एक बाई इकडे बाळंतही होते आणि तिकडे दुसरीच्या बाळंतपणाची साक्षीदारही असते, हे कसं? दोनपैकी एक नोंद खोटी होती. आणि त्यातल्या एकीत माझे वडील होते.

२

फादर पिरार तीन गावांची चर्च सांभाळतात, त्यामुळे त्यांच्याकडे सगळ्या गोष्टींची तयार उत्तरं असतात. तारीख मागाहून घातली असेल, म्हणाले. नाहीतर दुसरी कुणी उबर्तीन असेल. पण मी बरणीवरच्या रेघेचं सांगितलं तेव्हा दोन्ही उत्तरं त्यांनी सोडून दिली. मग त्यांनीच मला सांगितलं की १९३४ साली सार्तला जे फादर होते ते फार काटेकोर. पाणी न मिळालेलं मूल तेव्हा पवित्र जमिनीत पुरत नसत. भिंतीबाहेर, क्रूसाशिवाय, नोंदीशिवाय. आणि नुसत्या सुईणीच्या शब्दावर त्या फादरांचा विश्वास नव्हता. बाळंतिणीच्या खोलीत असलेल्या आणखी एका बाईने येऊन सही करायची, की मूल श्वास घेत होतं, मी पाहिलं. पुरुषाची साक्ष चालत नसे, कारण पुरुष त्या खोलीत जातच नसत.

"पण आजी स्वतः बाळंतीण होती," मी म्हटलं.

"तेच तर," फादर म्हणाले.

आमच्याकडे तेव्हा बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नसे. मग एका सकाळी ती चर्चच्या दारात उभी राहायची, फादर तिच्या हातात पेटती मेणबत्ती देऊन तिला आत घ्यायचे. त्याआधी विहिरीवर जायचं नाही, शेजारणीकडे जायचं नाही. स्वतःच्या मुलाच्या बाप्तिस्म्यालासुद्धा आई नसे. मूल सुईणच घेऊन जायची. अशा काळात मूल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी एक बाई सात किलोमीटर बर्फातून सार्तला येते, फादरांसमोर उभी राहते आणि सही करते?

फादरांनी मला झेलीमावशींच्या कामापुरता उतारा लिहून दिला. त्यात मूल, आई आणि तारखा, एवढंच. साक्षीदाराचं नाव लागत नव्हतं, ते त्यांनी लिहिलं नाही. तो उतारा मी तसाच कचेरीत नेऊन दिला आणि दुपारी झेलीमावशींकडे गेले.

त्या बटाटे सोलत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "उतरव तिला कधीतरी. काखेतच वाढवणार आहेस का?" मी एम्लीनला मांडीवर घेतलं, खाली ठेवलं नाही. काम झालं म्हणून सांगितलं. त्यांनी सुरी खाली ठेवून माझा हात दाबला आणि परत सोलायला लागल्या.

मग मी हळूच विचारलं, तेव्हा खोलीत कोण कोण होतं.

दोन फेब्रुवारी, मेणबत्त्यांचा सण होता, त्या सांगू लागल्या. तेओदोरीनच्या घरी खालच्या स्वयंपाकघरात धिरडी चालली होती, वर माळ्यावरच्या खोलीत त्या. धुराड्याची भिंत पाठीशी, घामाने सगळं अंथरूण ओलं. खोलीत तेओदोरीन आणि त्या, दोघीच. शेवटी शुद्ध गेली. जाग आली तेव्हा अंगात ताप होता आणि तेओदोरीन सांगत होती, श्वास घेतला गं पोराने, पाणी मिळालं, देवाघरी गेला.

"उबर्तीन नव्हती?"

त्यांनी माझ्याकडे वेडी आहेस का असं पाहिलं. "उबर्तीन मालकीण. ती कशाला माझ्या उशाशी येईल? आणि ती तर त्याच दिवशी तुझ्या बापाला घेऊन पडली होती."

मूल पाहिलं होतं का, हे विचारायचं धाडस मला होत नव्हतं. त्यांनी आपणहून सांगितलं. थोड्या वेळाने गुंडाळून आणला, म्हणाल्या. चेहरा तेवढा उघडा होता. मी कपाळावर ओठ टेकले. नदीतल्या दगडासारखा गार होता.

३

सुईण तेओदोरीन केव्हाच गेली. तिची मुलगी लेओना बहात्तर वर्षांची आहे, सार्तलाच त्याच घरात राहते. खुब्याचं हाड मोडल्यापासून म्हणजे ऑगस्टपासून ती शेगडीशेजारच्या खुर्चीतून उठलेली नाही. मंगळवारी मी भाताचा टार्ट घेऊन तिच्याकडे गेले. तिने आधी टार्टला नावं ठेवली, दूध कमी पडलंय म्हणाली, आणि दोन तुकडे खाल्ले.

मी सहीचं सांगितलं. लेओनाचा चमचा बशीवरच थांबला.

तिने बशी बाजूला सारली. मग म्हणाली, मी तेव्हा दहा वर्षांची होते. आईने मला धिरडी उलटायला बसवलं होतं आणि वर यायचं नाही म्हणून बजावलं होतं. अंधारताना अंगणात आंकेंच्या शेतावरची घसरगाडी येऊन उभी राहिली. घोडा मी ओळखला. मला मागच्या खोलीत घालून आईने दार ओढून घेतलं.

"आणि?"

"दुसऱ्या दिवशी सगळे म्हणाले, मूल जन्मलं तेव्हाच अर्धमेलं होतं. दोनदा श्वास घेतला आणि गेलं." लेओनाने माझ्याकडे पाहिलं. "विन्सियान, ते पोर अर्धमेलं नव्हतं. ते रडलं. धिरडी करपेपर्यंत रडत होतं. मी ऐकलं."

माझा हात आपोआप एम्लीनच्या पाठीवर गेला.

"घसरगाडी गेली तेव्हा रडणं थांबलं होतं," ती म्हणाली. "बासष्ट वर्षं मी हे कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या आईने त्या खोलीत काय केलं, हे मला माहीत करून घ्यायचं नव्हतं. आणि आता तू म्हणतेस तुझी आजीही तिथे होती."

परतताना बसमध्ये तेच डोक्यात होतं. जिने मला धाग्यात मणी ओवायला शिकवलं, ती बाई. खोटी साक्ष. रडणारं मूल. आणि दुसऱ्या दिवशी गार.

४

त्या रात्री जेवताना मी फक्त एवढंच म्हटलं, की सार्तच्या जुन्या वहीत आजीची सही सापडली, गंमत वाटली. तारीख नाही, रडणं नाही, काही नाही. टेबलाशी माझा नवरा बेन्वा होता आणि पपा. आई गेल्यापासून पपा मंगळवारी आमच्याकडेच जेवतात. बेन्वा म्हणाला, तुझी आजी कुठेही सही करायची, दुधाच्या पावतीवरसुद्धा. पपांनी एम्लीनच्या तोंडातून माझ्या किल्ल्या काढून घेतल्या आणि म्हणाले, सूप गार होतंय.

गुरुवारी मी पुन्हा सार्तला गेले. मला ते पान नीट, भिंगाने पाहायचं होतं. वही बाहेरच्या खोलीतल्या कपाटात असते आणि कपाटाची किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला; तिन्ही गावांना हे माहीत आहे. चर्चचा जुना सेवक गुस्ताव याने वही माझ्यापुढे आणून ठेवली. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्याने ती उलटी ठेवली.

जानेवारी १९३४. मग एकदम मार्च.

मध्ये कागदाची बोटभर पट्टी उरली होती, शिवणीलगत. धारदार सुरीने, मोजपट्टी लावून कापावं तशी. एकच पान. मागचं पुढचं कुठलंही पान दुमडलेलं नाही, फाटलेलं नाही, चाळल्याची खूण नाही.

फादर पिरारना बोलावलं तर त्यांनी आधी कपाटाची किल्ली खिळ्यावरून काढून खिशात घातली. मला मात्र एकदम भीती वाटली, आणि ती त्या मेलेल्या मुलाची नव्हती. साठ वर्षांपूर्वी जे झालं ते झालं. पण हे पान तीन दिवसांत गेलं होतं. म्हणजे कुणीतरी जिवंत माणूस, मला ओळखणारं, माझ्या मागोमाग इथे आलं होतं.

५

मी आधी कचेरीत गेले, कारण पहिला संशय तिथेच होता. कारकून जिलोनला ती ओळ मोकळी करायची घाई होती, आणि नोंद नाहीशी झाली तर झेलीमावशींची हरकतच उरत नव्हती. जिलोनने कपाळाला आठ्या घालून फाइल काढली. फादरांनी दिलेला उतारा सोमवारीच शिक्का मारून जोडलेला होता. म्हणाला, बाई, हे मंजूर झालंय, तुमच्या वहीचं आता मी काय करू? पेटवू शेगडी?

म्हणजे थडगं वाचलेलंच होतं. पान कापणाऱ्याला दफन लपवायचं नव्हतं. पानावर दुसरं काय होतं? उताऱ्यात न आलेली एकच गोष्ट. सही.

सहीचं कुणाकुणाला माहीत होतं? फादर पिरार: पण त्यांना लपवायचंच असतं तर वही मला दाखवलीच नसती. लेओना: तिला तर खुर्चीतून दारापर्यंत जाता येत नाही. झेलीमावशींना आणि गुस्तावला मी सहीचं सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी गुस्तावला पान दिसलं नसतं. राहिली आमच्या जेवणाच्या टेबलाभोवतीची दोन माणसं.

बेन्वा बुधवारी आणि गुरुवारी व्हर्विएच्या कारखान्यात दिवसपाळीला होता. शिवाय त्याने जाऊन काय शोधलं असतं? वहीला अनुक्रमणिका नाही, पानांना आकडे नाहीत, अक्षर किचकट. दहा वर्षांची दफनं. तारीख माहीत नसलेल्या माणसाला ती वही पहिल्यापासून चाळावी लागली असती, आणि त्या नाजूक कागदांवर त्याच्या खुणा राहिल्या असत्या. कापणारा सरळ त्या पानावर गेला होता. तारीख मी कुणाला सांगितली नव्हती. ती त्याला आधीपासून पाठ होती.

माणसाला न सांगता पाठ असते ती स्वतःची जन्मतारीख.

मी कचेरीबाहेरच्या बाकावर बसून एम्लीनला पाजायला घेतलं, कारण ती रडायला लागली होती आणि मलाही काहीतरी धरून बसायचं होतं. ती चोखत होती आणि मी विचार करत होते. पपांना ते पान नाहीसं करावंसं वाटलं. म्हणजे ती सही काय सांगते हे त्यांना ठाऊक होतं. मग मला का कळत नव्हतं?

मी बेकरीत पाव आणायला जाते तेव्हाही एम्लीनला घेऊन जाते. पाच मिनिटंसुद्धा मागे ठेवत नाही. आणि माझी आजी, एक दिवसाचं जिवंत मूल पाळण्यात टाकून, रीत मोडून, बर्फातून मोलकरणीच्या मेलेल्या मुलासाठी गेली?

नाही गेली. कुठलीच आई जाणार नाही.

ती मूल मागे ठेवून गेलीच नव्हती. ती मूल घेऊन गेली होती.

मग सगळं एकापाठोपाठ जुळत गेलं. धुराड्याला टेकलेल्या गरम खोलीत नुकतं गेलेलं मूल दगडासारखं गार कसं असेल? ते गार होतं कारण ते आधीच गेलेलं होतं, दुसरीकडे, दुसऱ्याच खोलीत. घसरगाडीतून आणलं होतं. लेओनाने ऐकलेलं रडणं खरं होतं, आणि ते थांबलं कारण त्याच घसरगाडीतून ते निघून गेलं. कुणी कुणाला मारलं नव्हतं. सार्तला झेलीचं म्हणून पुरलेलं मूल उबर्तीनचं होतं. आणि रविवारी ओर्शीनला उबर्तीनचं म्हणून ज्याला पाणी मिळालं ते झेलीचं होतं.

दोन्ही नोंदी खोट्या होत्या. खरी होती ती फक्त सही.

६

पपा परसात कांद्याच्या पाती उपटत होते. तीस वर्षं पोस्टमन होते ते, अजूनही सकाळी सातला बूट घालूनच बसतात. मी म्हटलं, "पपा, ते पान कुठे आहे?"

कुठलं पान, असं त्यांनी विचारलं नाही. हात पॅन्टला पुसले, आणि कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. जाळायला गेलो होतो, म्हणाले. शेगडीचं झाकण उघडलं आणि तिची सही दिसली. तिचंच अक्षर आहे ते. जमलं नाही.

आजीने त्यांना मरताना सांगितलं होतं, १९७१ साली. पपांच्या आधीची तिची तीन मुलं जन्मताच गेली होती. चौथं एकतीस जानेवारीला, तेही मेलेलंच जन्मलं, पाणी न मिळता. ते भिंतीबाहेर जाणार होतं, आधीच्या तिघांसारखं. तेओदोरीनने उपाय काढला. दोन दिवसांत झेलीचं होईल. तिला नवरा नाही, घर नाही. इकडे घर आहे, मूल नाही. अदलाबदल केली तर जिवंत मुलाला घर मिळेल आणि मेलेल्याला पवित्र जमीन. फक्त फादरांपुढे कुणीतरी शपथेवर सांगायला हवं, की मूल श्वास घेत होतं. खोलीतली बाईच लागते. आणि हे कुठल्या दुसऱ्या बाईला सांगायची सोय नव्हती. म्हणून घसरगाडी जिवंत मूल घेऊन परतली, पण आजी त्या रात्री सार्तलाच लपून राहिली आणि सकाळी पुरताना स्वतः सही केली.

"तिने देवासमोर खोटी शपथ घेतली, त्याला भिंतीच्या आत आणायला," पपा म्हणाले. "त्यानंतर ती कधीच सार्तला गेली नाही. तिला वाटायचं, आपण गेलो तर कुणीतरी ओळखेल."

"आणि झेलीमावशींना कुणीच विचारलं नाही?"

"एकोणीस वर्षांची मोलकरीण होती ती. तिला विचारायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

मला त्यांचा राग येत होता आणि त्यांना धरून रडावंसंही वाटत होतं, आणि हातात एम्लीन होती म्हणून दोन्ही करता येत नव्हतं. मी म्हटलं, तुम्हाला पंचवीस वर्षं माहीत होतं. ते म्हणाले, हो. पहिल्या वर्षी लाज वाटली. मग एक वर्ष गप्प राहिलो याची लाज वाटली. मग पाच.

"आज सांगायचं," मी म्हटलं. "मी सांगणार नाही. तुम्ही."

"आणि तिने विचारलं, इतकी वर्षं काय करत होतास?"

"विचारतीलच."

७

पपांनी ते उभ्यानेच सांगितलं, टोपी हातात धरून, टपाल द्यायला आल्यासारखं. एकदा सांगितलं. झेलीमावशी म्हणाल्या, परत सांग. त्यांनी परत सांगितलं.

 मला वाटलं, त्यांना कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, "मी ज्याच्या कपाळावर ओठ टेकले, तो?"

"उबर्तीनचा," पपा म्हणाले.

"आणि तू."

"मी."

 झेलीमावशी बोलल्या, अगदी हळू. "तू टपाल टाकायला यायचास. मला कुणाची पत्रं येत होती रे? तरी रोज दाराशी थांबायचास. मी म्हणायची, लांबेर फार सभ्य माणूस. पंचवीस वर्षं माझ्या दाराशी थांबलास आणि हवापाण्याच्या गप्पा केल्यास."

"तुम्हाला सांगायचंच होतं मला."

"बाहेर जा," त्या म्हणाल्या. "गावात नको जाऊस. पायरीवर बस."

पपा जाऊन पायरीवर बसले. मी जायला उठले तर झेलीमावशींनी मला थांबवलं. त्यांना माझ्याकडून माहिती हवी होती. लांबेरला पहिला दात कधी आला? चालायला कधी लागला? लहानपणी घशाचा त्रास होता का, कारण त्यांच्या वडलांना होता. रात्री भ्यायचा का? मला यातलं काही सांगता येईना. मी म्हटलं, बाहेरच बसलेत, त्यांना विचारू या.

"त्याला काय माहीत असणार," झेलीमावशी म्हणाल्या. "हे आईला माहीत असतं."

तेव्हा मात्र मला तिथे बसवेना. मी एम्लीनला त्यांच्या मांडीवर दिलं, पाच महिन्यांत पहिल्यांदाच कुणाच्या हातात देऊन खोलीबाहेर आले, आणि बोळात उभी राहून रडले.

तासाभराने त्यांनी पपांना आत बोलावलं. काय बोलले ते मी ऐकलं नाही. लेओनाला मी दुसऱ्या दिवशी फोन केला आणि तिच्या आईने काय केलं होतं आणि काय केलं नव्हतं, ते सगळं सांगितलं.  मग ती म्हणाली, तेही वाईटच आहे. पण हे घेऊन मला मरता येईल. कापलेलं पान फादर पिरारनी जागेवर चिकटवलं आणि समासात स्वतःची सही करून तारीख घातली. बाकी काही लिहिलं नाही.

एक प्रश्न उरला होता आणि तो मला विचारायलाच हवा होता. थडग्यातलं मूल झेलीमावशींचं नव्हतं. कचेरीतला अर्ज मात्र त्यांच्या नावाने, आई म्हणून मंजूर झाला होता. मी म्हटलं, तुम्हाला नको असेल तर हरकत मागे घेता येईल.

"मागे?" त्या म्हणाल्या. "बासष्ट वर्षं मी त्या पोराकडे जातेय. त्याला दुसरं आहे कोण? अर्ज आहे तसा राहू दे."

सर्व संतांच्या सणाला आम्ही सगळे सार्तला गेलो. दफनभूमी शेवंतीच्या कुंड्यांनी भरली होती, माणसं खालच्या आवाजात एकमेकांच्या तब्येती विचारत होती. उत्तरेच्या भिंतीलगतच्या त्या क्रूसावरून पिवळी पाटी काढलेली होती. झेलीमावशींनी दोन कुंड्या आणायला लावल्या होत्या. एक त्यांनी स्वतः ठेवली, माती हाताने सारखी केली. दुसरी पपांच्या हातात तशीच होती; ती कुणाची हे त्यांना कळत नव्हतं.

"तुझी आई इथे एकदाच आली," झेलीमावशी त्यांना म्हणाल्या. "तिची तू ठेव."

पपा गुडघ्यावर बसले. कुंडी ठेवली, दोन्ही हातांनी धरूनच राहिले. त्यांचे खांदे हलत होते. आजूबाजूच्या लोकांनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं. मग ते उठायला गेले तर गुडघा साथ देईना, आणि मी पुढे व्हायच्या आत झेलीमावशींनी काठी भिंतीला टेकवली, त्यांच्या काखेत हात घातला, आणि त्या एक्याऐंशी वर्षांच्या बाईने बासष्ट वर्षांच्या माणसाला उभं केलं. गुडघ्याची माती झाडली. मग टोपी नीट बसवली.